इलेक्ट्रिक गाडी निपचित पडली? आधी छोटी बॅटरी तपासा

ओळखीतल्या कुणाचा तरी घाबऱ्या आवाजात फोन येतो. "गाडी सुरूच होत नाहीये. स्क्रीन काळी, दारही उघडत नाही. बॅटरी गेली वाटतं." मी आधी एकच विचारतो : काल गाडी लावली तेव्हा चार्ज किती होता? उत्तर बहुतेक वेळा साठ-सत्तर टक्क्यांच्या घरातलं असतं. मग मी सांगतो, घाबरू नका. एवढा चार्ज असलेली गाडी एका रात्रीत पूर्ण निपचित पडली असेल, तर संशय मोठ्या बॅटरीवर घ्यायचाच नाही. बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसलेली असते. मोठी बॅटरी बदलायची तर खर्च लाखांत जातो, छोटी काही हजारांत येते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे लोक विनाकारण हवालदिल होतात, भलतीकडे हात घालतात, नाहीतर कुणीतरी सांगेल तो खर्च मान्य करून बसतात.

म्हणून गाडी बंद पडल्यावर काय, कुठल्या क्रमाने तपासायचं आणि कुठे थांबायचं, हे नीट समजून घेऊ.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

चाकं फिरवते ती मोठी बॅटरी गाडीच्या तळाशी असते. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ती ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि तिचा दाब ३०० व्होल्टच्या वर होता. एवढ्या दाबाची वीज सतत गाडीभर खेळती ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून गाडी बंद केली की मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या जाड विद्युत-स्विचांनी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते.

हे कॉन्टॅक्टर पुन्हा जोडायचं काम छोट्या बॅटरीचं. दाराचं लॉक, स्क्रीन, दिवे, वायपर, ब्रेकचं इलेक्ट्रॉनिक्स आणि मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा संगणक, हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. छोटी बसली की संगणक जागा होत नाही, कॉन्टॅक्टर जुळत नाहीत आणि मोठीतली वीज मोठीतच राहते. धरण भरलेलं आहे, पण दरवाजे उचलणारी मोटार बंद आहे, तसा प्रकार. चार्जरची गन लावली तरी बहुतेक गाड्यांत चार्जिंग सुरू होत नाही, त्याचंही कारण हेच. चार्जरशी बोलणारा संगणकच झोपलेला असतो.

पेट्रोल गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर भरतो. इलेक्ट्रिक गाडीत डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतली वीज उतरवून छोटीला देतो. पण हा कन्व्हर्टर मुख्यतः दोनच वेळी चालतो : गाडी 'रेडी'त, म्हणजे चालायला तयार असताना आणि चार्जिंग सुरू असताना. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून छोटी बॅटरी भरून घेतात, पण आपली गाडी हे करते की नाही, ते मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

लक्षणं काय सांगतात?

काहीही उघडण्याआधी गाडी काय दाखवते आहे ते दोन मिनिटं शांतपणे पाहा.

• सगळं काळं, किंवा स्क्रीन लुकलुकून विझते, आतून टक-टक आवाज येतो : छोटी बॅटरी बसली आहे. ती पूर्ण बसण्याआधी एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या इशाऱ्यांची रांग लागते. एका वेळी पाच गोष्टी बिघडत नसतात, त्यामुळे अशी रांग दिसली की पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा.

• स्क्रीन लागते, पण 'रेडी' येत नाही : ब्रेक पुरता दाबला आहे का? चार्जरची गन अजून लागलेली तर नाही ना? गाडी चावी ओळखते आहे का? या तिन्ही गोष्टी तपासून झाल्या तरी 'रेडी' येत नसेल, तर छोट्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा.

• 'रेडी' येतं, पण चार्ज शून्याजवळ आणि वेग मर्यादित : मोठी बॅटरी रिकामी झाली आहे. हा बिघाड नव्हे, चार्जर हवा आहे.

• गाडी ठीक चालते, पण घरी चार्ज होत नाही : दोष बहुधा घरच्या वायरिंगमध्ये असतो.

• लाल इशारा, 'गाडी थांबवा' असा संदेश, जळका वास, धूर किंवा फुसफुस आवाज : इथे कुठलीही तपासणी करायची नाही. सगळ्यांनी उतरून गाडीपासून लांब जायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

आधी चावी पाहा

दार रिमोटने उघडत नाही म्हणजे गाडी गेलीच असं नाही. चावीतला सेल संपलेला असू शकतो. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ हा चपटा सेल असतो आणि तो किराणा-जनरल स्टोअरमध्येही मिळतो. सेल संपला असेल तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा कंपनीने दिलेल्या खुणेपाशी धरून गाडी सुरू करण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते.

छोटी बॅटरी खरोखरच बसली असेल, तर रिमोटच्या पोटात लपलेली लोखंडी चावी बाहेर काढा आणि चालकाच्या दाराचं कुलूप उघडा. काही गाड्यांत किल्लीचं भोक हँडलवरच्या झाकणाखाली असतं. हे झाकण कसं निघतं, हे अंधारात, पावसात, रस्त्याच्या कडेला शोधत बसण्यापेक्षा आज घरीच एकदा करून पाहा.

मल्टिमीटर लावा

साधा डिजिटल मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. इलेक्ट्रिक गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉनेट उघडा. छोटी बॅटरी बहुतेक गाड्यांत तिथेच असते, काहींत डिकीत. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक धन टर्मिनलला आणि काळं ऋण टर्मिनलला लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी आकडे असे वाचायचे :

• १२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण भरलेली.
• १२.२ च्या आसपास : निम्मी उतरलेली.
• १२ च्या खाली : जवळपास रिकामी.
• ११ च्याही खाली : खोल उतरलेली. अशी बॅटरी पुन्हा भरली तरी पूर्वीसारखी टिकेल याची खात्री नाही.

आकडा १२.४ दिसतो, पण कुणीतरी दार उघडताच किंवा स्टार्ट दाबताच तो धाडकन १० च्या खाली येतो, असंही होतं. याचा अर्थ बॅटरीत व्होल्टेज दिसत असलं तरी भार सोसण्याची ताकद उरलेली नाही. ती चार्ज करण्यात वेळ घालवू नका, बदला.

गाडी 'रेडी'त आल्यावर याच टर्मिनलवर पुन्हा मोजा. साधारण १३ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला, तर कन्व्हर्टर छोटीला भरतो आहे. 'रेडी'तही आकडा १२ च्या घरात रेंगाळत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर दोष बॅटरीत नसून कन्व्हर्टरमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरी घालूनही दोन दिवसांत पुन्हा तेच होणार. हा दोष काल्पनिक नाही. आयनिक ५ मध्ये हेच काम करणाऱ्या आयसीसीयू नावाच्या भागात दोष असू शकतो, म्हणून ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या मॉडेलसाठी असं काही निघालं आहे का, हे चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. अशी दुरुस्ती मोफत असते.

जंप स्टार्ट : कसं, आणि कुणाच्या बॅटरीवरून?

पेट्रोल गाडीचा सेल्फ मारायला शेकडो अँपिअर लागतात. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन फिरवायचं नसतं, फक्त संगणक जागा करून कॉन्टॅक्टर जोडायचे असतात. त्यामुळे खिशात मावेल अशा छोट्या जंप स्टार्टरनेही काम होतं. क्रम मात्र चुकवू नका.

१. मॅन्युअल उघडा. छोटी बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम, आणि जंप करण्याची परवानगी कुठल्या टर्मिनलवर आहे, ते पाहा. लिथियम असेल तर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीशिवाय काही करू नका.

२. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा ओघळलेली असेल तर जंप करायचंच नाही. जवळ विडी-सिगारेट पेटवू देऊ नका. लेड-ॲसिड बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन निघतो.

३. दोन्ही गाड्या बंद. लाल वायरचं एक टोक आपल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, दुसरं मदतीच्या बॅटरीच्या धनला.

४. काळी वायर मदतीच्या बॅटरीच्या ऋणला, आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला किंवा मॅन्युअलने दाखवलेल्या अर्थ पॉइंटला.

५. दोन-तीन मिनिटं थांबा. मग ब्रेक दाबून आपली गाडी 'रेडी'त आणा.

६. 'रेडी' आलं की वायरी उलट क्रमाने काढा. गाडी लगेच बंद करू नका. तासभर चालवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे चार्जरला लावा.

हायवेवर मदतीला सगळ्यात आधी ट्रकवालेच थांबतात. त्यांचे आभार माना, पण ट्रकच्या बॅटरीवरून जंप घेऊ नका. ट्रकची यंत्रणा साधारणतः २४ व्होल्टची असते आणि ती १२ व्होल्टच्या गाडीला जोडली तर महागडं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. मदत घ्यायची ती दुसऱ्या कारची किंवा १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीची.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शेजाऱ्याची पेट्रोल गाडी बंद पडली म्हणून आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून तिला जंप देऊ नका. सेल्फ मारताना होणारी विजेची ओढ आपल्या छोट्या बॅटरीला आणि कन्व्हर्टरला झेपेलच असं नाही, आणि अनेक कंपन्या मॅन्युअलमध्येच याला मनाई करतात.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा उपायही इथे चालत नाही. फिरवायला इंजिनच नाही, त्यामुळे चार माणसं जमवून काही होणार नाही.

छोटी बॅटरी बसते कशामुळे?

बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं : गाडी उभी असताना काहीतरी चालू राहतं. याचा हिशेब घरी करता येतो. समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. उभ्या गाडीची स्वतःची ओढ ५० मिलिअँपिअर धरली, तर बॅटरी संपायला सुमारे ३७ दिवस लागतील. त्यात पार्किंग मोडवर चालणारा, ३०० मिलिअँपिअर ओढणारा डॅशकॅम जोडा, की आठवडाही पुरणार नाही. बॅटरी निम्मी उतरली तरी गाडी कुरकुरायला लागते, म्हणजे प्रत्यक्षात मुदत याहून कमीच. बाहेरून बसवलेला जीपीएस, ओबीडीला खोचलेला डोंगल, नीट न लागलेली डिकी आणि तिचा जळत राहिलेला दिवा, ही सगळी त्याच यादीतली नावं. मोबाइल ॲपवरून दिवसातून दहादा चार्ज पाहण्याची सवयही त्यात येते, कारण दर वेळी गाडीचा संगणक जागा होतो.

दुसरं कारण सवयीचं. मुलांच्या क्लासबाहेर वाट पाहताना आपण गाडीत बसून गाणी लावतो. गाडीला आवाज नसल्यामुळे ती 'रेडी'त आहे की नुसती 'ऑन', हे कळत नाही. नुसत्या 'ऑन'मध्ये बहुतेक गाड्यांत सगळा भार छोट्या बॅटरीवर पडतो. थांबायचंच असेल तर गाडी 'रेडी'त, गिअर 'पी'त आणि हँडब्रेक लावून थांबा.

तिसरं कारण वय आणि ऊन. लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूर, जळगाव इथल्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची छोटी बॅटरी तिसऱ्या वर्षापासून दर सर्व्हिसिंगला भार देऊन तपासून घ्या. सर्व्हिस सेंटर आपणहून हे करेलच असं नाही. जॉब कार्डवर लिहून घ्या.

मोठी बॅटरी शून्यावर आली तर

शून्य टक्के दिसण्याआधी गाडी बराच वेळ सूचना देते आणि मग वेग, एसी कमी करते. तो इशारा मिळाला की एसी बंद करून डाव्या लेनने जवळच्या सुरक्षित जागी गाडी घ्या. घाटात, बोगद्यात किंवा पुलावर थांबायची वेळ येऊ देऊ नका. इंडिकेटर चालू ठेवा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

टोइंगवाल्याला फोनवरच सांगा : गाडी इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड पाठवा. दोरी बांधून ओढू देऊ नका. मोटार चाकांना कायमची जोडलेली असते. चाकं रस्त्यावर फिरली की मोटार जनरेटरसारखी वीज तयार करते आणि इन्व्हर्टरचं नुकसान होऊ शकतं. नेक्सॉन ईव्हीत मोटार पुढच्या चाकांवर असते, तर महिंद्राच्या बीई ६ मध्ये मागच्या. त्यामुळे 'पुढची बाजू उचलली की झालं' हा सल्ला सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. चारही चाकं जमिनीवरून वर, हाच नियम पाळा.

शून्यावर आलेली गाडी तशीच आठवडाभर ठेवणं सगळ्यात वाईट. त्या दिवशीच थोडी तरी चार्ज करा. लिथियम पेशी खूप खोल उतरल्या तर संगणक सुरक्षिततेसाठी चार्जिंगच नाकारू शकतो.

घरी चार्जिंगच घेत नाही

आधी ॲपमध्ये किंवा स्क्रीनवर चार्जिंगची वेळ ठरवून ठेवलेली नाही ना, ते पाहा. 'रात्री अकरानंतर' असं लावलेलं असेल तर गाडी अकरापर्यंत थांबणारच. मग एमसीबी आणि आरसीसीबी पाहा. त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी, एखाद्या सार्वजनिक चार्जरवर गाडी लावून पाहा. तिथे चार्ज झाली तर गाडी निर्दोष आहे आणि दोष घरी आहे.

घरचा दोष बहुतेकदा अर्थिंगचा निघतो. सोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं असेल तर वीज सोडतच नाही. त्याच्यावरचा लाल दिवा ही तक्रार नसून संरक्षण आहे. इलेक्ट्रिशियनकडून चार्जरच्याच १५ अँपिअरच्या सॉकेटवर मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसायला हवेत. जुन्या वाड्यांत, गावाकडच्या घरांत आणि कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अर्थची वायर नुसती सॉकेटपर्यंत आलेली असते, जमिनीत गेलेलीच नसते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तरी हीच अडचण येते. त्यात पाणी घालत राहावं लागतं.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका आणि अर्थ चुकवणारे जुगाड कुणी सुचवले तर ठाम नकार द्या. प्लग किंवा सॉकेट हाताला चटका देण्याइतकं तापत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवा.

इथे हात लावायचा नाही

नारिंगी रंगाच्या वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांना, त्यांच्या जोडांना आणि मोठ्या बॅटरीच्या डब्याला गल्लीतल्या कितीही अनुभवी मेकॅनिकला हात लावू देऊ नका. त्या दाबाचा धक्का जीव घेतो. आपली हद्द छोटी बॅटरी, फ्यूज, चावी आणि घरचा सॉकेट इथपर्यंतच.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. मोठी बॅटरी आयपी ६७ दर्जाची आहे असं सांगितलं जातं, पण त्या दर्जाची चाचणी १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला पाणी किती तास आणि किती दिवस राहिलं, ते आपण पाहिलं आहे. अशी गाडी इमारतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवून थेट कंपनीच्या ताब्यात द्या.

महिनाभर बाहेरगावी जाताना

मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पूर्ण भरून किंवा रिकामी करून जाऊ नका. डॅशकॅमची वायर काढा, चावी गाडीपासून लांब ठेवा, ॲप सारखं उघडू नका. मॅन्युअलने परवानगी दिली असेल तर छोट्या बॅटरीची ऋण वायर १० नंबरच्या पान्याने सोडवून ठेवा. छोटी बॅटरी डिकीत असेल, तर वायर सोडवण्याआधी डिकी हाताने कशी उघडते ते माहीत करून घ्या. वायर सोडवली नसेल आणि शेजारी कुणी विश्वासू असेल, तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास 'रेडी'त ठेवायला सांगा.

एवढं सगळं लक्षात ठेवणं अवघड वाटत असेल, तर या रविवारी चार गोष्टी करा. मॅन्युअलमधलं जंप स्टार्टचं पान मोबाइलमध्ये टिपून ठेवा. लोखंडी चावीने दार एकदा उघडून पाहा. छोट्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून तारखेसह लिहून ठेवा. आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि मोठी बॅटरी बदलावी लागेल, असं कुणी सांगितलं, तर छोटी तपासल्याचा लेखी आकडा हातात आल्याशिवाय एका रुपयालाही होकार देऊ नका.